मेतकुटाचे परदेशगमन

आमच्या घरातून आजवर दोघांनीच परदेशगमन केलं आहे. एक माझी धाकटी बहीण आणि दुसरं मेतकूट. अस्मादिकांचं सर्वांत दूरचं देशांतर म्हणजे लक्ष्मी रोडच्या शाखेतून हडपसरच्या शाखेत झालेली बदली. त्या पहिल्या दिवशी आईने डब्याबरोबर लोणच्याची एक बाटली दिली होती. ती फातिमानगर यायच्या आत पीएमटीच्या बसमध्ये सांडली आणि नव्या साहेबांपुढे मी मोहरी-हिंगाच्या वासासकट हजर झालो. पातळ पदार्थांचं आणि माझं वाकडं आहे ते तेव्हापासून.

बहीण न्यू जर्सीत राहते. दर वर्षी दिवाळीच्या आधी तिचा फोन येतो. "दादा, या खेपेला फार काही नको हं. थोडं मेतकूट, थोडा गोडा मसाला आणि थोडं लिंबाचं गोड लोणचं."

आता 'थोडं' या शब्दाचा अर्थ न्यू जर्सीत काय असेल तो असो. आमच्या आईच्या कोशात थोडं म्हणजे दोन किलो. आईचं वय एकोणऐंशी. एरवी गुडघे दुखतात म्हणून ती गॅलरीपर्यंत जात नाही, पण मेतकुटाच्या डाळी भाजायला बसली की तिला उठवण्याची कोणाची छाती नसते. हरभऱ्याची डाळ वेगळी, उडदाची वेगळी, तांदूळ वेगळे, गहू वेगळे. सगळं मंद आचेवर, एकेक करून. आमची सौ. एकदा म्हणाली, "आई, सगळं एकत्रच भाजू या का?" त्यावर आईने तिच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेने आमचे साहेब कॅशमध्ये पाच रुपये कमी भरल्यावर माझ्याकडे पाहतात.

तर आईचं काम भाजण्याचं, सौ.चं दळून आणण्याचं आणि बांधून पाठवण्याचं काम माझं. बांधणी! या एका खात्यात मी सतत तोट्यात आहे. दोन वर्षांपूर्वी मी मोठ्या हौसेने बोहरी आळीतून प्लॅस्टिकच्या बरण्या आणल्या, खोक्यात रचल्या, वर 'नाजूक माल' असं लाल शाईने लिहिलं. दहा दिवसांनी बहिणीचा फोन. "दादा, पोचलं बरं का. पण तो केकसारखा नवीन पदार्थ कोणता रे?"

लोणच्याचा पाक मेतकुटात शिरला होता. मराठीत दोघांचं चांगलं जुळलं की त्यांचं मेतकूट जमलं म्हणतात. इथे मेतकुटाचंच लोणच्याशी जमलं होतं आणि त्या दोघांच्या संसारात आईने पाठवलेली इरकली साडीही ओढली गेली होती.

असं का झालं, याचा छडा मी लावला. दोष झाकणाचा नव्हता, पुण्याच्या हवेचा होता. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे. आपण बरणीचं झाकण लावतो तेव्हा लोणच्याबरोबर इथली हवाही आत कोंडतो. विमान वर गेलं की त्याच्या पोटातला दाब साधारण दोन हजार चारशे मीटर उंचीच्या डोंगरावर असावा इतका उतरतो. म्हणजे बाहेरची हवा एक पंचमांशाने विरळ होते आणि बरणीतली पुणेरी हवा बाहेर यायला धडपडते. पुण्याची हवा ती, ती गप्प कशी बसेल! बरणी आडवी असली तर झाकणाशी हवा नसतेच, पाक असतो. मग हवा आत राहते आणि पाकाला बाहेर ढकलते.

मी बी.कॉम. असल्यामुळे एकदा तोटा झाला की जुने दप्तर काढून बसायची खोड आहे. हा तोटा माझ्याच नावावर आहे की माझ्याआधीही कोणाकोणाचं सांडलं होतं, ते तपासावं म्हटलं. आणि वाचकहो, काय सांगू, दप्तर दोन हजार वर्षांचं निघालं.

पहिलं व्हाउचर आमच्या पुण्यातच सापडलं. येरवड्याच्या डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी डॉ. सांकलियांच्या देखरेखीखाली १९५४ ते १९५६ या काळात नेवाशाला उत्खनन केलं. नेवासं म्हटलं की आपल्याला ज्ञानेश्वर आणि पैसाचा खांब आठवतो. पण तिथल्या मातीत भूमध्य समुद्राकडून आलेल्या दोन कानांच्या उंच रांजणांचे तुकडेही निघाले. असल्या रांजणांना अँफोरा म्हणतात. त्यांतून द्राक्षाची दारू यायची, तेल यायचं. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाने व्यापाऱ्यांसाठी समुद्रप्रवासाची एक वही लिहून ठेवली आहे. तिच्यात भडोच बंदरात काय खपतं याची यादी आहे. यादीत दारू आहे आणि पुढे शेरा आहे की इटलीची असली तर जास्त बरी. आपल्या पैठणचं आणि तेरचं नावही त्याच वहीत येतं. तिथला माल गाड्यांत भरून भडोचला जायचा. म्हणजे 'इंपोर्टेड आहे' हे वाक्य आपल्याकडे सोळा आण्यांचा रुपया होण्याच्या कितीतरी आधीपासून ऐटीत म्हटलं जात होतं.

या रांजणांची बांधणी पाहून मी मनातल्या मनात टोपी काढली. बूड सपाट नाही, मुळ्यासारखं निमुळतं. घरात ते उभं राहत नाही, पण गलबताच्या पोटात खालच्या रांगेच्या खांद्यांमधल्या फटीत वरच्या रांगेची टोकं बसतात आणि सगळी रास एकमेकींना धरून राहते. मातीची भांडी पाझरतात म्हणून दारूच्या रांजणांना आतून राळेचा लेप. इराणी आखाताकडून येणाऱ्या लांबोळक्या रांजणांना तर डांबराचा. दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसाला कळलं होतं की बरणी उभी राहिली पाहिजे आणि आतून बंद झाली पाहिजे. मला ते कळायला एक इरकली साडी खर्ची पडली.

दुसरं व्हाउचर त्याहून गमतीचं. अमेरिकेतल्या बॉस्टनचे फ्रेडरिक ट्यूडर नावाचे एक व्यापारी होते. तिकडची तळी हिवाळ्यात गोठतात. हे गृहस्थ त्यांतला बर्फ करवतीने कापायचे आणि परदेशी विकायचे. १८३३ साली त्यांनी 'टस्कनी' नावाच्या जहाजात १८० टन बर्फ भरून कलकत्त्याला पाठवला. सुएझचा कालवा तेव्हा नव्हता. आफ्रिकेला वळसा, चार महिन्यांचा प्रवास, विषुववृत्त दोनदा ओलांडायचं. कलकत्त्याला सुमारे १०० टन बर्फ शाबूत पोचला! बांधणी काय? लाकडाचा भुसा. बस्स. आमच्या शाखेत एखाद्याने ऐंशी टनांची तूट दाखवली असती तर त्याच्यावर चौकशी बसली असती. ट्यूडरसाहेबांनी त्यातून नफा काढला.

पुढच्या वर्षी बर्फ मुंबईलाही आला. जमशेटजी जीजीभॉयांनी त्याचं आइस्क्रीम करून पाहुण्यांना वाढलं आणि मग यजमान-पाहुणे सगळ्यांनाच सर्दी झाली, असं तेव्हाच्या 'मुंबई समाचार'ने छापलं म्हणतात. पार्सल वेळेवर पोचलं तरी घोटाळा होतोच, याचा हा पुरावा.

तिसरं व्हाउचर राजेशाही आहे. जयपूरचे महाराज सवाई माधोसिंह यांना १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी लंडनला जायचं होतं. समुद्र ओलांडायचा म्हणजे धर्माची अडचण आणि तिकडचं पाणी प्यायचं म्हणजे दुसरी अडचण. मग महाराजांनी हजारो चांदीची नाणी वितळवून प्रचंड कलश करवले. एकेक कलश सव्वापाच फूट उंच, वजन साडेतीनशे किलोच्या घरात आणि आत चार हजार लिटरच्या वर गंगाजल. मुंबईहून 'ऑलिंपिया' हे जहाज खास भाड्याने घेऊन हा लवाजमा निघाला. त्यातले दोन कलश आजही जयपूरच्या राजवाड्यात पाहायला मिळतात. कलशांना कुठे डाग दिलेला नाही, असं तिथे अभिमानाने सांगतात. म्हणजे पाझरायला सांधाच नाही!

हे वाचून मला जरा धीर आला. आज बहुतेक ठिकाणी विमानात हातातल्या पिशवीत शंभर मिलिलिटरच्या वर पातळ पदार्थ नेऊ देत नाहीत. १० ऑगस्ट २००६ रोजी लंडनमध्ये पेयाच्या बाटल्यांतून स्फोटकं नेण्याचा कट उघडकीला आला, तेव्हापासूनचा हा नियम. माधोसिंह महाराजांना या हिशेबाने एकेका कलशासाठी चाळीस हजारांवर बाटल्या लागल्या असत्या.

भुकटीचंही तेच. अमेरिकेला जाणाऱ्या विमानात २०१८ पासून साडेतीनशे मिलिलिटरच्या डब्याहून जास्त भुकटी हातात असेल तर तिची वेगळी तपासणी होते. खसखस आखातात न्याल तर तुरुंगात जाल. अफूचं बी आहे ते. आणि सर्वांत कहर म्हणजे आपलं सुकं खोबरं! हवाई वाहतुकीच्या धोकादायक मालाच्या यादीत खोबऱ्याला १३६३ हा नंबर आहे आणि वर्ग आहे आपोआप पेट घेणाऱ्या पदार्थांचा. तेल असतं ना, ते साठून राहिलं की तापतं. मी हे आईला सांगितलं. ती म्हणाली, "चाळीस वर्षं माझ्या फडताळात खोबरं आहे. आजवर पेटलं नाही. पेटली असशील तर तूच, परीक्षेच्या निकालाला." शेवटचं वाक्य बहिणीला उद्देशून होतं. फोन चालू होता.

आमच्या वडिलांच्या वेळी हे सगळं सोपं होतं, असं मला उगीचच वाटतं. माझे काका मस्कतला असताना त्यांना पार्सल जायचं. वडील मांजरपाट आणायचे, खोकं त्यात गुंडाळायचे आणि दाभणाने टाके घालायचे. तोंडात दोरा, नाकावर चष्मा. मी मेणबत्तीवर लाख धरायचो, ती शिवणीवर ठिबकली की ते आजोबांची अंगठी दाबून ठसा उमटवायचे. आत चिवडा असायचा, पण बाहेरून पाहणाऱ्याला वाटावं की पेशव्यांचा खलिता चालला आहे. साधू वासवानी चौकातल्या मोठ्या पोस्टात ते पार्सल तराजूवर चढलं की वडील त्याच्याकडे मुलगी सासरी निघाल्यासारखे पाहत.

मी मात्र या वर्षी दोन हजार वर्षांचा अभ्यास करून बांधणीला बसलो. ग्रीकांकडून शिकून बरणीच्या तोंडाला आतून प्लॅस्टिकचा कागद, वर झाकण, झाकणावर चिकटपट्टी. खोक्यात बरण्या उभ्या, एकमेकींच्या खांद्याला खांदा लावून. ट्यूडरसाहेबांच्या भुशाऐवजी बहिणीच्याच जुन्या परकरांच्या चिंध्या. मेतकूट पूर्ण गार झाल्यावर पिशवीत भरलं, सगळी हवा दाबून काढली, तोंड चिकटवलं, मग दुसरी पिशवी, मग तिसरी. हिंग असतो ना. हिंगाला एका पिशवीचं बंधन मान्य नसतं.

हे चाललं असताना आणखी एक व्हाउचर हाती लागलं. ते आधीच सापडायला हवं होतं, कारण ते पुणे आणि न्यू जर्सी यांच्या मधलंच आहे.

बहिणीच्या घरापासून मोटारीने अर्ध्या तासावर रोझेल नावाचं गाव आहे. तिथे थिओडोशिया कार्पेंटर नावाच्या बाई राहत. १८८० साली त्या दाताच्या डॉक्टरकडे आपला नंबर यायची वाट पाहत बसल्या होत्या आणि वेळ जात नाही म्हणून एक मासिक चाळत होत्या. त्यात गोपाळराव जोशी नावाच्या हिंदुस्थानातल्या एका पोस्टखात्यातल्या माणसाचं पत्र छापलं होतं. आपल्या बायकोला अमेरिकेत शिकवायचं आहे, असं. बाईंनी उत्तर लिहिलं. पुढे आनंदीबाईंची आणि त्यांची पत्रं सुरू झाली, आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. जोशी मंडळी कलकत्त्याला असताना आनंदीबाईंची प्रकृती बिघडली. डोकं दुखायचं, ताप यायचा, दम लागायचा. तेव्हा न पाहिलेल्या या मावशीने अमेरिकेहून औषधं पाठवली.

मी हे वाचताना थांबलो. आम्ही मेतकूट तिकडे पाठवतो. इथे तिकडून औषधं आली होती, आगबोटीने. गुण काही आला नाही. पण न पाहिलेल्या भाचीसाठी कोणीतरी बाटल्या गुंडाळल्या होत्या, पत्ता लिहिला होता.

७ एप्रिल १८८३ रोजी आनंदीबाई कलकत्त्याहून निघाल्या, ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. बंदरावर मावशी हजर. अठरा वर्षांची मुलगी, नऊवारी लुगडं आणि मांसाहार न करण्याचा निश्चय. मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या मेडिकल कॉलेजातून त्या डॉक्टर झाल्या. नोव्हेंबरात परत आल्या. कोल्हापूरच्या दवाखान्यात स्त्रियांच्या विभागाची जागा त्यांच्यासाठी ठरली होती. ती तशीच राहिली. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यातच त्या गेल्या. बाविसावं वर्षही पुरं झालं नव्हतं.

आणि मग त्यांची रक्षा अमेरिकेला मावशींकडे पाठवण्यात आली. मावशींनी ती न्यूयॉर्क राज्यात, पोकीप्सी गावच्या दफनभूमीत, आपल्या घराण्याच्या जागेत ठेवली. तिथे आनंदीबाईंच्या नावाचा दगड आहे.

आमच्या बँकेत कुठलीही वस्तू आली की तिची तीन घरं भरावी लागतात. नाव, वजन, किंमत. मी मनाशी ती रक्षा त्या तीन घरांत बसवून पाहिली. नाव लिहिता येईल. वजन, काही तोळे. तिसऱ्या घराशी माझी लेखणी अडली. सगळ्या जुन्या दप्तरात, रांजण, बर्फ, चांदीचे कलश या सगळ्यांत, पुण्याहून निघालेलं एवढं हलकं पार्सल दुसरं नसेल. ते जपून बांधणाऱ्याला ना शास्त्र ठाऊक असेल ना हवेचा दाब. आणि घेणाऱ्या बाईने ते उघडताना काय केलं असेल, याचा विचार मी पुढे करू शकलो नाही. सौ.ला म्हटलं, चहा टाक.

दुसऱ्या दिवशी खोकं घेऊन कुरियरवाल्याकडे गेलो. काउंटरवर पोरगा. "काका, पावडर आहे का?"

"मेतकूट आहे."

"म्हणजे पावडरच ना?"

"भाताबरोबर खायची."

"इंग्लिशमध्ये काय लिहू?"

आता मेतकुटाला इंग्रजीत काय म्हणतात, हे कोणी मला सांगितलं तर त्याला मी माझ्या खर्चाने मऊ भात आणि मेतकूट वाढीन. शेवटी 'भाजलेल्या डाळींचं पीठ' असं त्याने इंग्रजीत लिहिलं. आईने ते ऐकलं असतं तर अबोला धरला असता. खोकं तराजूवर ठेवलं. नऊ किलो दोनशे.

"व्हॅल्यू किती टाकू?"

बावीस वर्षं मी लोकांना 'रक्कम अंकांत आणि अक्षरांत लिहा' असं सांगत आलो आहे. मी गप्प उभा राहिलो. मागे रांग होती. या खेपेला डाळी भाजताना आई म्हणाली होती, "पुढच्या वर्षी काही माझ्याच्याने होईलसं वाटत नाही. या वर्षी थोडं जास्त करते." म्हणून नऊ किलो दोनशे.

"काका?"

"पाचशे रुपये लिही," मी म्हणालो.

घरी आलो. आई खुर्चीत बसली होती, हातात जपमाळ, लक्ष दाराकडे. "गेलं का रे?"

"गेलं."

"सांडणार नाही ना?"

"नाही. या वेळी ग्रीकांची पद्धत वापरली आहे."

"कुणाची का असेना. किंमत किती लिहिलीस?"

"पाचशे."

आईने माळ थांबवली. मनात डाळींचा हिशेब केला असावा. भाजण्याच्या तीन दुपारी त्यात तिने नक्कीच धरल्या नाहीत.

"पाचशे?" ती म्हणाली. "जास्त लिहिलीस."